लिटल सीझर (चित्रपट)

लिटल सीझर हा १९३१ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन कृष्णधवल बोलपट आहे. मर्विन लेरॉय यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट डब्ल्यू. आर. बर्नेट यांच्या त्याच नावाच्या १९२९ सालच्या कादंबरीवर आधारित असून, वॉर्नर ब्रदर्सच्या ताब्यात असलेल्या फर्स्ट नॅशनल पिक्चर्स या संस्थेने त्याची निर्मिती केली. एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी त्यात सीझर एन्रिको बँडेलो ऊर्फ रिको या टोळीप्रमुखाची भूमिका केली. डग्लस फेअरबँक्स ज्युनियर, ग्लेंडा फॅरेल, स्टॅन्ली फील्ड्स, जॉर्ज ई. स्टोन, सिडनी ब्लॅकमर आणि टॉमस जॅक्सन हे इतर प्रमुख कलावंत होत. चित्रपटाची लांबी सुमारे ७९ मिनिटे आहे.

द पब्लिक एनिमी (१९३१) आणि स्कारफेस (१९३२) यांच्याबरोबर हा चित्रपट अमेरिकन गँगस्टरपटाच्या आरंभीच्या तीन प्रमुख कृतींपैकी एक मानला जातो. तिघांमध्ये तो सर्वांत आधीचा आणि, तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर, सर्वांत अवघडलेला आहे. त्यातील एक भूमिका आजही ताजी वाटते. तिच्या भोवतीचे बरेचसे मात्र जुने झाले आहे. चित्रपटाविषयीच्या चर्चेत या दोन गोष्टी नेहमी बरोबरीनेच येतात.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९२० साली देशव्यापी दारूबंदी लागू झाली आणि बेकायदा मद्यव्यापाराच्या जोरावर शिकागो, न्यू यॉर्क यांसारख्या शहरांत संघटित टोळ्या फोफावल्या. शिकागोमधील अल कपोन हे नाव वर्तमानपत्रांतून देशभर पोहोचले होते. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी त्याच शहरात प्रतिस्पर्धी टोळीच्या सात जणांना भिंतीशी उभे करून ठार मारण्यात आले. बर्नेट यांची कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. मूळचे ओहायो राज्यातील बर्नेट शिकागोत येऊन एका हॉटेलात रात्रपाळीचे कारकून म्हणून काम करत होते आणि टोळ्यांतील माणसांची बोली त्यांनी तेथे जवळून ऐकली होती. गुन्हेगाराच्या नजरेने, त्याच्याच तोडक्या भाषेत आणि लेखकाने मध्ये न पडता गोष्ट सांगणे हे या कादंबरीचे वेगळेपण होते.

गुन्हेगारी टोळ्यांवरचे चित्रपट त्याआधीही निघाले होते. जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांचा अंडरवर्ल्ड (१९२७) हा मूकपट गाजला होता. वॉर्नर ब्रदर्सचा लाइट्स ऑफ न्यू यॉर्क (१९२८) हा पूर्ण लांबीचा पहिला संपूर्ण बोलपटही गुन्हेगारी विषयावरचाच होता. १९३० साली त्याच संस्थेने द डोअरवे टू हेल काढला. त्यामुळे लिटल सीझर हा पहिला गँगस्टरपट असल्याचे जे विधान अनेकदा केले जाते, ते बरोबर नाही. एका गुन्हेगाराचा उदय आणि अस्त हाच संपूर्ण कथेचा कणा करणारी मांडणी मात्र या चित्रपटाने रूढ केली.

कथानक

रिको आणि त्याचा मित्र जो मसारा हे दोन भुरटे गुन्हेगार रात्री एक पेट्रोल पंप लुटतात. त्यानंतर एका खाणावळीत शिरून रिको भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मागे सरकवतो, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी आपण येथेच होतो असे सांगता यावे. जेवताना तो वर्तमानपत्रात डायमंड पीट मोंटाना या बड्या टोळीप्रमुखाच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीची बातमी वाचतो. आपणही तसेच कोणीतरी व्हावे, अशी ईर्षा त्याला तेथेच होते. जोला मात्र नर्तक व्हायचे असते.

दोघे मोठ्या शहरात येतात. रिको सॅम वेटोरीच्या टोळीत भरती होतो. जो ब्राँझ पीकॉक या नाइट क्लबमध्ये नर्तक म्हणून कामाला लागतो आणि त्याची जोडीदारीण ओल्गा हिच्या प्रेमात पडतो. नववर्षाच्या पूर्वसंध्येला वेटोरीची टोळी त्याच क्लबवर दरोडा घालते. तेथे रिको गुन्हेगारीविरोधी मोहिमेचा प्रमुख मॅक्लूर याला गोळी घालतो आणि लगोलग वेटोरीला बाजूला सारून टोळीचा प्रमुख बनतो. टोनी पासा हा मोटारचालक साथीदार पश्चात्तापाने खचून पाद्रीकडे कबुली द्यायला निघतो, तेव्हा रिको त्याला चर्चच्या पायऱ्यांवर ठार करतो. पुढे लिटल आर्नी या प्रतिस्पर्ध्याला तो शहराबाहेर घालवतो आणि बिग बॉय या पडद्याआडच्या सूत्रधाराकडून मोंटानाचा इलाखा मिळवतो.

यशाच्या शिखरावर असताना रिको जोला ओल्गाला सोडून आपल्याकडे परत येण्यास फर्मावतो. ओल्गा पोलिसांना बोलावते. जोचा काटा काढण्यासाठी आलेल्या रिकोला गोळी झाडता येत नाही आणि तेथून त्याची घसरण सुरू होते. टोळी मोडते, वेटोरीला फाशी होते आणि रिको फुकट्यांच्या धर्मशाळेसारख्या एका स्वस्त निवाऱ्यात दारू पीत दिवस काढू लागतो. सार्जंट फ्लॅहर्टीने वर्तमानपत्रातून आपल्याला भ्याड म्हटल्याचे ऐकून तो चिडून पोलिसांना फोन करतो. पोलीस त्या फोनवरून माग काढतात आणि एका मोठ्या जाहिरात फलकाआड लपलेल्या रिकोला मशीनगनने टिपतात. फलकावर जो आणि ओल्गा यांच्या नव्या नृत्यनाट्याची जाहिरात असते.

निर्मिती

पटकथा फ्रान्सिस एडवर्ड फॅरागो यांची असून रॉबर्ट एन. ली यांनी तिच्यावर काम केले. छायाचित्रण टोनी गॉडिओ यांनी आणि कलादिग्दर्शन अँटन ग्रॉट यांनी केले. दिग्दर्शक लेरॉय तेव्हा तिशीत होते.

रॉबिन्सन यांची निवड सरळपणे झाली नाही. निर्माते हॅल वॉलिस यांच्या आठवणींनुसार त्यांना आधी ओटेरो या दुय्यम साथीदाराची भूमिका देऊ केली होती, पण रॉबिन्सन रिकोच करीन म्हणून अडून बसले. बुखारेस्टमध्ये १८९३ साली एका ज्यू कुटुंबात इमॅन्युएल गोल्डनबर्ग या नावाने जन्मलेले रॉबिन्सन लहानपणी न्यू यॉर्कला आले होते. रंगभूमीवर त्यांनी नाव मिळवले होते आणि द रॅकेट या नाटकात टोळीप्रमुख रंगवलाही होता. रूढ अर्थाने देखणे नसलेले, बुटके आणि रुंद तोंडाचे हे नट व्यक्तिशः सुसंस्कृत आणि मृदू स्वभावाचे होते. बंदुकीचा आवाज झाला की त्यांचे डोळे आपोआप मिटत. त्यामुळे गोळीबाराच्या दृश्यांत त्यांच्या पापण्यांना पारदर्शक पट्ट्या चिकटवाव्या लागल्या, असे सांगितले जाते.

जोच्या भूमिकेसाठी आपल्याला क्लार्क गेबल हवे होते, पण त्यांच्या मोठ्या कानांमुळे स्टुडिओने त्यांना नाकारले, असे लेरॉय नंतर सांगत असत.

रिकोची व्यक्तिरेखा

चित्रपटाचे सर्वांत मोठे बळ रॉबिन्सन यांच्या अभिनयात आहे, याविषयी समीक्षकांत फारसा मतभेद नाही. रिकोचे वागणे समजावून सांगणारा एकही प्रसंग पटकथेत नाही. त्याचे आईवडील, बालपण, गरिबी, तुरुंगवास यांतले काहीच येत नाही. पुढे कित्येक गुन्हेगारीपटांनी नायकाच्या पापाचे मूळ त्याच्या बालपणी शोधले आणि त्यायोगे प्रेक्षकांची सहानुभूती मागितली. हा चित्रपट तसे करत नाही. रिको आपल्यासमोर येतो तो तयार होऊनच. त्याला पैसा हवा असतो, पण पैशापेक्षा नाव हवे असते. तो दारू पीत नाही, नाचगाण्याला तुच्छ मानतो, स्त्रियांपासून दूर राहतो. कादंबरीतल्या रिकोच्या आयुष्यात स्त्री आहे. चित्रपटाने ती काढून टाकली आणि माणूस आणखी कोरडा केला.

ही हाव दाखवण्यासाठी पटकथेने वस्तूंचा वापर नेमकेपणाने केला आहे. पहिल्या भेटीत रिकोची नजर मोंटानाच्या टायपिनवर आणि अंगठीवर खिळते. पुढे त्याच्या अंगावर तशीच आभूषणे दिसतात. टोळीने त्याच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत त्याला सोन्याचे घड्याळ भेट मिळते, तेही चोरीचेच. आपले छायाचित्र छापलेल्या वर्तमानपत्राच्या प्रती विकत घेऊन तो रस्त्यावर उभा असतानाच त्याच्यावर गोळीबार होतो. आयुष्यात प्रथमच संध्याकाळचा औपचारिक पोशाख चढवून तो टेबलावर उभा राहतो आणि आरशात स्वतःला न्याहाळतो; ओटेरो भक्तिभावाने पाहत राहतो. बिग बॉयच्या महालात भिंतीवरचे चित्र पाहून तो भारावतो ते सोनेरी चौकटीमुळे. प्रत्यक्षातील रॉबिन्सन यांचा चित्रसंग्रह हॉलिवूडमधील उत्तम खाजगी संग्रहांपैकी एक होता आणि त्यात फ्रेंच चित्रकारांच्या कृती होत्या, हे लक्षात घेतले की या दृश्याची गंमत वाढते.

रॉबिन्सन यांची शब्दफेकही वैशिष्ट्यपूर्ण आहे. वाक्य तोडून, नाकातून, जणू समोरच्याच्या तोंडावर फेकल्यासारखे ते बोलतात. बोलपट नवा असताना बहुतेक रंगभूमीवरचे नट शब्द घोळवून उच्चारत. रॉबिन्सन यांचा रिको घाईत असल्यासारखा बोलतो. त्या काळच्या प्रेक्षकांना हा आवाज पूर्णतः नवा होता. नंतर नकलाकारांनी तो इतका वापरला की आज मूळ अभिनय पाहताना तो आपलीच नक्कल करतो आहे की काय, असा भास होतो. हा दोष अर्थातच चित्रपटाचा नाही.

मृत्यूच्या क्षणी रिको करुणामयी मातेला हाक मारतो आणि आपला शेवट झाला का, असे विचारतो. पण तो "माझा" असे म्हणत नाही, स्वतःचे नाव घेऊन विचारतो. आयुष्यभर वर्तमानपत्राच्या मथळ्यात स्वतःला शोधणारा हा माणूस मरतानाही आपल्याकडे बातमीसारखाच पाहतो. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००५ साली निवडलेल्या शंभर संस्मरणीय संवादांत या वाक्याला ७३ वे स्थान मिळाले.

दृश्यरचना आणि ध्वनी

चित्रपटाच्या उणिवा मुख्यतः तंत्राच्या आणि गतीच्या आहेत. ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच्या वर्षांत कॅमेरा आणि नट दोघेही जखडले गेले होते आणि लिटल सीझर त्यातून पुरता सुटलेला नाही. माणसे टेबलाभोवती गोळा होतात, आळीपाळीने बोलतात, दृश्य संपते. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही आणि ज्या शांततेत ताण निर्माण व्हावा त्या शांततेत अनेकदा केवळ वाट पाहिल्याची भावना होते. दुय्यम पात्रांचे संवाद संथ आहेत. विशेषतः जॅक्सन यांचा फ्लॅहर्टी शब्द इतके लांबवतो की काहींना ती धूर्त शांतता वाटते, तर काहींना निव्वळ कंटाळवाणी. टोनी आणि त्याची आई यांचा प्रसंग मूकपटांच्या काळातील भावविवशतेत अडकला आहे.

द पब्लिक एनिमीमधील जेम्स कॅग्नी यांची चपळाई किंवा स्कारफेसमधील हॉवर्ड हॉक्स यांच्या कॅमेऱ्याचा वेग यांच्याशी तुलना केली की हे अवघडलेपण अधिकच जाणवते. मात्र ही तुलना सर्वस्वी न्याय्य नाही. ते दोन्ही चित्रपट नंतर आले आणि त्या एकदोन वर्षांत ध्वनितंत्र झपाट्याने सुधारत होते. शिवाय त्यांच्यासमोर हा नमुना होता.

जेथे लेरॉय आणि गॉडिओ यांनी संवादांचा आधार सोडला, तेथे चित्रपट एकदम जिवंत होतो. आरंभीचा पेट्रोल पंपावरचा गुन्हा दुरून, अंधारात दिसतो. दिवे जातात, गोळ्यांचे आवाज येतात, मोटार निघून जाते. नायकाचा चेहराही न दाखवता त्याची ओळख होते. क्लबवरील दरोडा सलग न दाखवता एकमेकांत विरघळणाऱ्या छोट्या दृश्यांतून उलगडतो आणि गोंधळाचा परिणाम साधतो. चर्चच्या पायऱ्यांवरील टोनीचा खून, लगेच येणारी फुलांनी लादलेली त्याची थाटाची अंत्ययात्रा आणि त्यात सामील झालेले त्याचे मारेकरी, एवढ्यावर दिग्दर्शक थांबतो. भाष्य करत नाही. त्या काळच्या शिकागोतील टोळीप्रमुखांच्या अंत्ययात्रा प्रेक्षकांनी वर्तमानपत्रांत पाहिलेल्या होत्या.

संवादांतही एक धागा कसबाने विणलेला आहे. वेटोरीला हटवताना रिको त्याला हिणवतो की, तुला तडाखे देता येतात, सोसता मात्र येत नाहीत. शेवटी फ्लॅहर्टी वर्तमानपत्रातून हाच टोमणा रिकोला मारतो आणि तोच त्याला लपलेल्या जागेतून बाहेर काढतो.

जो, ओल्गा आणि मैत्रीचा धागा

जो मसाराचे उपकथानक ही चित्रपटाची दुसरी मोठी कमकुवत बाजू समजली जाते. फेअरबँक्स ज्युनियर देखणे आणि सफाईदार होते. रस्त्यावर वाढलेला इटालियन भुरटा चोर म्हणून ते पटत नाहीत. रिकोबरोबर त्यांनी पेट्रोल पंप लुटला असेल यावर विश्वास ठेवणे कठीण जाते. ओल्गाचे पात्र जोला चांगल्या मार्गावर आणण्यापुरतेच लिहिले आहे, तरी ग्लेंडा फॅरेल यांनी त्याला थोडी धार दिली. रिको पडद्यावर नसला की चित्रपट ढिला पडतो आणि तो नसतो तेव्हा बहुधा हेच दोघे असतात.

तरीही कथेचा निर्णायक क्षण याच धाग्यातून येतो. पिस्तूल रोखून रिको जोकडे चालत येतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ जातो, डोळे ओलावतात आणि तो मागे हटू लागतो. कोणाचीही गय न केलेला हा माणूस एका मित्रावर गोळी झाडू शकत नाही, आणि या एका दुबळेपणानेच त्याचा नाश होतो. जोविषयी त्याला वाटणारी ओढ नेमकी कोणत्या स्वरूपाची, यावर नंतरच्या अभ्यासकांनी बरेच लिहिले. तिच्यात समलिंगी आकर्षणाची छटा असल्याचे मत वारंवार मांडले गेले आहे. चित्रपट स्वतः याचे उत्तर देत नाही. एवढा सशक्त प्रसंग ज्या मैत्रीवर उभा आहे ती मैत्री आधीच्या तासाभरात पुरेशी दिसलेली नाही, हे मात्र नाकारता येत नाही.

समाजचित्रण

दारूबंदीच्या काळातील टोळ्यांची गोष्ट सांगताना हा चित्रपट दारूच्या धंद्याविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. टोळ्या दरोडे घालतात, जुगाराचे अड्डे चालवतात, पण त्यांचे खरे उत्पन्न कोठून येते, पोलीस आणि राजकारणी त्यात किती गुंतले आहेत, याचे चित्र पुसट आहे. बिग बॉयच्या रूपाने वरच्या वर्गातला आश्रयदाता सूचित होतो, परंतु सूचनेपलीकडे काही घडत नाही. रिको मरतो तेव्हा बिग बॉयचे काय झाले, हा प्रश्न चित्रपटाला पडतच नाही. आरंभी मत्तयच्या शुभवर्तमानातील तलवारीसंबंधीचे वचन झळकवून निर्मात्यांनी नैतिक बाजू सांभाळली, पण मधल्या भागात रिकोचे यश प्रेक्षकाला हवेहवेसे वाटते, ही त्या काळची तक्रार निराधार नव्हती.

गुन्हेगार पात्रांची नावे बहुतांशी इटालियन आहेत. त्यामुळे इटालियन वंशाच्या अमेरिकन नागरिकांत नाराजी पसरली आणि पुढे न्यू यॉर्कचे महापौर झालेले फिओरेलो ला गार्डिया यांनीही चित्रपटावर टीका केली. रॉबिन्सन रोमानियात आणि ओटेरोची भूमिका करणारे स्टोन पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू कलावंत होते. इटालियन माणसाची पडद्यावरची ही प्रतिमा तयार होत असताना तिच्यात इटालियन कलावंतांचा वाटा अल्प होता.

स्वागत आणि सेन्सॉर

जानेवारी १९३१ मध्ये न्यू यॉर्कच्या स्ट्रँड चित्रपटगृहात तो झळकला आणि प्रेक्षकांची झुंबड उडाली. न्यू यॉर्क टाइम्सच्या परीक्षणाने रॉबिन्सन यांच्या हाती एका सामान्य खुन्याला ग्रीक शोकांतिकेतील पात्राची उंची आल्याचे म्हटले. कथेविषयी ते फारसे उत्साही नव्हते. फॅरागो आणि ली यांना रूपांतरित पटकथेसाठी अकादमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. रॉबिन्सन यांना मात्र या भूमिकेसाठी नामांकन मिळाले नाही, आणि पुढच्या चार दशकांच्या कारकिर्दीत एकदाही मिळाले नाही. १९७३ साली त्यांना मानद ऑस्कर जाहीर झाला, पण समारंभापूर्वीच त्यांचे निधन झाले.

हॉलिवूडची निर्मितीसंहिता १९३० साली तयार झाली असली तरी तिची कडक अंमलबजावणी १९३४ पासून सुरू झाली. त्यानंतर लिटल सीझर आणि द पब्लिक एनिमी यांच्या पुनर्प्रदर्शनास अनेक वर्षे वाव उरला नाही. १९५० च्या दशकात दोन्ही चित्रपट एकत्र पुन्हा दाखवण्यात आले. रिकोच्या शेवटच्या वाक्यातील संबोधनही धार्मिक भावना दुखावू नयेत म्हणून कादंबरीपेक्षा सौम्य करण्यात आले होते.

प्रभाव

उदय, शिखर आणि पतन हा या चित्रपटाचा साचा पुढील गँगस्टरपटांनी उचलला. समीक्षक रॉबर्ट वॉर्शो यांनी १९४८ साली लिहिलेल्या गँगस्टर हा शोकांत नायक असल्याचे मांडणाऱ्या प्रसिद्ध निबंधात या प्रकाराची जी वैशिष्ट्ये सांगितली, त्यांतील बहुतेक रिकोच्या कथेत सापडतात. बर्नेट हॉलिवूडमध्ये स्थिरावले. स्कारफेसच्या लेखनात त्यांचा सहभाग होता. त्यांच्या हाय सिएरा आणि द अस्फाल्ट जंगल या कादंबऱ्यांवरही चित्रपट निघाले.

रॉबिन्सन यांना रिकोने नाव दिले आणि एका चौकटीत बंदही केले. द लिटल जायंट (१९३३) आणि अ स्लाइट केस ऑफ मर्डर (१९३८) या विनोदी चित्रपटांत त्यांनी त्याच प्रतिमेची थट्टा केली, तर की लार्गो (१९४८) मध्ये जॉनी रोको या म्हाताऱ्या होत चाललेल्या टोळीप्रमुखाच्या रूपाने तिचे उतारवय रंगवले. २००० साली लिटल सीझरचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत करण्यात आला. २००८ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या दहा सर्वोत्तम गँगस्टरपटांच्या यादीत तो नवव्या क्रमांकावर होता. स्कारफेस सहाव्या आणि द पब्लिक एनिमी आठव्या.